डावी पाकळी

भाई, तू ताळ्याने गेला नाहीस, हे मी गेले पंधरा दिवस प्रत्येकाला सांगतोय. समाचाराला आलेला माणूस सोप्यावर टेकतो, चहाचा पेला हातात घेतो आणि विचारतो, "तें परत आयल्लें काय रे, ताळ्याचें?" नाही, म्हणतो मी. ताळ्यातला, घशातला कॅन्सर सात वर्षांपूर्वी काढला तो काढला, परत आला नाही. काळीज बंद पडलं. दुपारी जेवून तू इथेच बसलास, वहिनीकडे पाणी मागितलंस, ती तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माणूस मान हलवतो, शिव शिव म्हणतो, आणि फाटकाबाहेर पडल्यावर दुसऱ्याला सांगतो की ताळ्यानेच गेला. आपल्या गावात एखादं दुखणं नावावर चढलं की मेल्यावरही उतरत नाही. तू असतास तर हसला असतास. मीही जवळजवळ हसलो.

वहिनीला माझं हे वागणं खुपतंय. नवव्या दिवशी तिने विचारलंच, "भावजी, तुमकां कायच जाणवना?" जाणवतं. पण साखळी गावच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त काचेवर पसरून बघितलं. ज्याचं बघतोय त्याचा चेहरा आठवायचा नाही, ही सवय तिथे लागली आणि निवृत्त झालो तरी सुटली नाही. तुला ती कधीच आवडली नाही. "तुजें काळीज फ्रीजान दवरलां," म्हणायचास. आवाज होता तेव्हा मोठ्याने म्हणायचास, नंतर कुजबुजत म्हणायचास, पण म्हणायचास.

तर फ्रीजमधल्या काळजाने सांगतो. तुझा आवाज गेला तो माझ्यामुळे, असं मी सात वर्षं धरून चाललो होतो. तुला ते कधी सांगितलं नाही. आता सांगून तुला काही फरक पडणार नाही, मला पडेल, म्हणून लिहायला बसलो.

गावाचं गाऱ्हाणं देवीपुढे घालायचा मान आपल्या घराचा. आजोबांनी घातलं, बाबांनी घातलं, मग तू. गावाच्या वतीने एकाने देवीशी मोठ्याने बोलायचं, काय चुकलं ते कबूल करायचं, काय हवं ते मागायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. एवढंच. पण तू ते असं घालायचास की तळीपलीकडच्या बायका कपडे आपटायच्या थांबायच्या. देवस्थान समितीने एकदा हौसेने माईक आणला, तर तू तो हाताने बाजूला सारलास. "ही वायर कित्याक? देवीक शॉक लागात!" सगळं देऊळ हसलं आणि माईक परत पेटीत गेला. मी नेहमीसारखा खांबाला टेकून घड्याळ बघत उभा होतो. देव मानत नाही हे तुला मी कॉलेजात असल्यापासून सांगत होतो आणि तू दर वेळी म्हणायचास, "मानू नाका. पूण उबो रांव." म्हणून उभा राहायचो. सगळे "होय म्हाराजा" म्हणत तेव्हा मी तोंड मिटून असायचो. आयुष्यात एकदाही ते दोन शब्द मी उच्चारले नव्हते, आणि याचा मला थोडा अभिमानही होता.

त्या वर्षी कार्तिकातल्या जत्रेनंतर तुझा ताळो बसला. तो दर वर्षीच बसायचा. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिऱ्या आणि काजूच्या फेणीच्या गुळण्या, हा तुझा ठरलेला उपाय. त्यातल्या किती गुळण्या थुंकल्यास आणि किती गिळल्यास ते देवीलाच ठाऊक. आठ दिवसांत आवाज वर यायचा. त्या वर्षी पौष उजाडला तरी आला नाही. फोनवर तू "हॅलो" म्हणालास आणि मी विचारलं, "कोण बोलतंय?" तू चिडलास.

"भाई, तीन आठवड्यांच्या वर आवाज बसून राहिला तर दाखवायचं असतं," मी म्हटलं. "विडी ओढणाऱ्याने तर आधी."

"तुका सगळ्यांत रोग दिसता."

दिसतो खरा, माझा धंदाच तो. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आलो आणि तुला जवळजवळ ओढत नेलं. वहिनी मागून ओरडत होती, जेवून तरी जा. तुझ्या बाबतीत मी जे जे केलं त्यातल्या ह्या एकाच गोष्टीबद्दल मला कधी शंका आली नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं, मग भूल देऊन तुकडा काढला. रिपोर्ट आणायला मीच गेलो. हजारो लोकांचे रिपोर्ट वाचले, पण आपलं आडनाव वर छापलेला पहिलाच. उजव्या स्वरतंतूवर, तांदळाच्या कणीएवढा कॅन्सर. तंतू हलत होता, मानेत गाठ नव्हती. अगदी सुरुवातीची अवस्था. स्वरतंतूचं एक बरं आहे, तिथे एवढंसं काही उगवलं तरी आवाज लगेच चुगली करतो. तुझा आवाज तीन महिने चुगली करत होता आणि तू त्याला फेणी पाजत होतास.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाई करत नव्हत्या. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एका टोकाला जुळलेल्या, आणि उजव्या रेघेवर ठिपका दिला. दोन वाटा आहेत, म्हणाल्या. पहिली लेझरची. भूल द्यायची, तोंडातूनच आत जायचं, बाहेर कुठे कापायचं नाही, ठिपका आणि त्याच्या भोवतालचा थोडा भाग काढून टाकायचा. एक-दोन दिवसांत घरी. पुढे गरज पडली तर पुन्हा करता येतं, आणि दुसरी वाट शिल्लक राहते. मात्र तंतूचा जेवढा भाग जाईल तेवढा आवाजात वारा शिरेल. दुसरी वाट शेकाची, म्हणजे रेडिएशनची. आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-एक आठवडे, रोज काही मिनिटं यंत्राखाली झोपायचं. शेवटी शेवटी गिळताना दुखेल, मानेची कातडी काळवंडेल, पण आवाज बहुधा जास्त चांगला राहील. मात्र एकदा शेकलेल्या जागी पुन्हा सहसा शेकता येत नाही. परत उगवलं तर मोठं ऑपरेशन, कधी कधी सगळं स्वरयंत्रच काढावं लागतं.

"बरं व्हायची शक्यता दोन्हीकडे जवळजवळ सारखी आहे आणि ती चांगली आहे," त्या म्हणाल्या. "विडी मात्र दोन्हीकडे बंद."

"तुमीच सांगा बाई, कितें करूं तें," तू म्हणालास.

"सांगेन. पण आधी मला सांगा, तुमचं काम काय? आवाजाचं काम आहे का? मास्तर, गवई, भटजी, असं काही?"

"ना ना. काजूची बागायत."

मी तुझ्याकडे बघितलं. तू खोटं बोलत नव्हतास. गाऱ्हाणं हे तुझ्या लेखी काम नव्हतंच, तो मान होता. बाईंनी कामाचं विचारलं, तू कामाचं सांगितलंस. आपल्याकडच्या कुठल्याही मानकऱ्याने हेच उत्तर दिलं असतं, आणि बाहेरच्या माणसाला त्यातली चूक कळायला काहीच मार्ग नव्हता. ती कळली मला एकट्याला. मी त्यांच्या मेजावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो. काचेचा होता, आत एक निळं फूल.

"मग लेझरनेही तुमचं काही अडायचं नाही," बाई म्हणाल्या. "दोन्ही चालेल. घरी बोला, आठवड्याभरात सांगा."

मी गप्प का बसलो? मला लेझर हवं होतं. तू आयुष्यात कुठलंही औषध संपवलं नव्हतंस. पाच दिवसांच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी फडताळात जायच्या. काजूचा हंगाम तोंडावर, मग शिगमो, आणि तू सहा आठवडे रोज आपल्या पेडण्याहून हॉस्पिटलापर्यंत जाणार? मध्येच सोडशील याची मला खात्री होती, आणि अर्धवट घेतलेला शेक काय कामाचा? लेझर एका दिवसाचं काम, आणि पुढची वाट राखून. ही कारणं खरी होती, आजही खरी वाटतात. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं. तुला रोज न्यायचं-आणायचं माझ्यावर आलं असतं. साखळीहून पेडणे, पेडण्याहून हॉस्पिटल, आणि उलट. त्याचा मला आधीच कंटाळा आला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा फार उशिरा सांगितलं.

परतताना म्हापशाला पातळ भाजी आणि पाव खायला थांबलो. तू पाव मोडलास आणि तसाच धरून राहिलास.

"आवाज ना जाल्यार हांव कोण रे?"

"जिवंत माणूस," मी म्हटलं.

तू बशी पुढे सारलीस. "सव आठवडे काय, हांव सव म्हयने शेकाक येयन."

"पाच दिवस गोळ्या घेत नाहीस तू."

"गोळ्यो वेगळ्यो. हो ताळो!"

कोलवाळचा पूल ओलांडल्यावर तू म्हणालास, "देवीक विचारुया." मी स्टिअरिंगवर हात आपटला. शिकल्यासवरल्या डॉक्टरने दोन्ही वाटा समजावून सांगितल्या आणि आता निर्णय दगडाला विचारायचा! तू म्हणालास, "बायेन म्हळें मरे, दोनूय सारकेच. मागीर कोणेंय सांगल्यार कितें?"

कौलाची रीत साधी. देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. जी आधी पडेल तो देवीचा शब्द. उजवी म्हणजे शेक, डावी म्हणजे लेझर, हे तू ठरवलंस. तुला हवी ती वाट तू उजवीकडे ठेवलीस, आणि ते माझ्या लक्षात आलं.

पाकळ्या चिकटवतो पुंडलिक गुरव, माझ्या शाळेतला सोबती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी देवळामागे गेलो. तो चिंचेने समया घासत बसला होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "पुंडलिका, उद्या डावी जरा कमी ओली चिकटव." त्याने वर बघितलं नाही. "भाईच्या जिवाचा प्रश्न आहे," मी म्हटलं. त्याने समई पाण्यात बुचकळली, काढली, फडक्यावर पालथी घातली आणि दुसरी घेतली. आपल्याकडे गुरवाला नाही म्हणायचं असलं तर तो अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणतो. गप्प राहिला म्हणजे कबूल, असं मी धरलं.

देव न मानणाऱ्याला कौलात हात घालायची गरज काय, असं तू विचारलं असतंस. मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दगडावरून कुठली पाकळी आधी पडते ते मला नुसत्या नशिबावर सोडवत नव्हतं. तू मला हवा होतास. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नसतं. आता म्हणतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक पंचाईत उभी राहिली. स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालता येत नाही. मग कोण घालणार? धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेल्या मला तू खांबापासून ओढून पुढे उभं केलंस. मी म्हटलं, "हे माये, तुझ्या लेकराच्या ताळ्याला दुखणं झालंय. उपाय दोन आहेत. शेक असला तर उजवी दे, लेझर असलं तर डावी दे." पाच-सात जणांनी होय म्हाराजा म्हटलं. तू म्हणालास तेही घोगरं. मग आम्ही थांबलो. मधेच वाऱ्याने उजवी पाकळी हलली आणि तू पुढे वाकलास. मी तुझ्या मानेच्या शिरा बघत होतो. बराच वेळ गेला. डावी पडली.

तू हात जोडलेस, पाकळी विड्याच्या पानावर घेतलीस, खिशात ठेवलीस. पायऱ्या उतरताना एवढंच म्हणालास, "जालें. फोन कर बायेक." मला हायसं वाटलं, भाई. लाज नंतर आली, आधी हायसं वाटलं.

लेझर झालं. तिसऱ्या दिवशी तू घरी होतास. आठवडाभर बोलायची मनाई, म्हणून वहिनीने पाटी दिली, आणि त्या पाटीवर तू पहिलं वाक्य लिहिलंस, "पेजेक मीठ ना." वहिनी हसता हसता रडली. मग आवाज आला तो अर्धा आवाज आणि अर्धा वारा. घरातल्या घरात पुरेसा होता. सोप्यावरून फाटकापर्यंत पोचत नव्हता. हॉस्पिटलातल्या बाईने आवाजाचे व्यायाम दिले होते. ते तू कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून काजूच्या बागेत जाऊन करायचास. एकदा मी न कळवता आलो, वहिनी म्हणाली बागेत आहेत, म्हणून वर चढलो. झाडांमागून तुझा आवाज आला. एकच स्वर धरायचास, तो सुटायचा, परत धरायचास. मी वाटेवर उभा राहिलो आणि तुला न भेटताच खाली आलो. त्या दिवशी मी गाडीत बसून रडलो. कुणाला सांगू नकोस.

आणि विडी? चाळीस वर्षांची विडी तू एका दिवसात सोडलीस. शर्टाच्या खिशात लवंगा ठेवायचास. ज्या माणसाने पाच दिवसांच्या गोळ्या कधी संपवल्या नाहीत तो सात वर्षं एकही तपासणी चुकला नाही. आधी दर महिन्या-दोन महिन्यांनी, मग लांब लांब. तारीख माझ्या आधी तुला पाठ असायची. दर वेळी मी गाडी चालवताना हाच हिशेब मांडायचो, की हा माणूस सहा आठवडे शेकाला गेला असता. नक्की गेला असता.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या गाऱ्हाण्याला तू उभा राहिलास. पहिली दोन वाक्यं लोकांनी अंदाजाने ऐकली. तिसऱ्यात आवाज तुटला. तू मागे न बघता हात लांब केलास, माझं कोपर धरलंस आणि मला पुढे घेतलंस. तिथून पुढे सात वर्षं गाऱ्हाणं मी घातलं. देव न मानणारा मी! गावाला याचं काही वाटलं नाही. मान घराचा, माणूस कुठलाही चालतो.

तू माझ्या मागे उभा राहायचास आणि कानात फुंकायचास. "रिपोर्ट वाचतंय काय रे?" "आदीं तिची खबर विचार, मागीर आपली सांग." मोपाला विमानतळ झाल्यापासून ऐन गाऱ्हाण्यात डोक्यावरून विमान जायचं, तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवायचास, म्हणजे थांब. आणि दर वाक्याला सगळ्यांचं होय म्हाराजा होऊन गेलं की मागून तुझं यायचं. तुला आधी श्वास भरून घ्यावा लागायचा, म्हणून ते नेहमी उशिरा यायचं, बारीक, सगळ्यांच्या मागून एकटं. मी त्यासाठी थांबायला शिकलो. ते आलं की पुढचं वाक्य घालायचो. गावाला वाटायचं, मी वाक्य आठवतोय.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. तुला बरं वाटावं म्हणून मी एकदा म्हटलं होतं, "आवाजाचं एवढं काय घेऊन बसलास? देवी काही बहिरी नाही." तू माझ्याकडे बघून हसलास. "देवी न्हय रे. लोक भैरे." मला तेव्हा तो विनोद वाटला. नंतर कधीतरी लक्षात आलं की बांधावरून वर्षभर न बोलणारे दोघे तुझ्या मोठ्या आवाजात आपलं चुकलं म्हणून ऐकायचे आणि दोघेही होय म्हाराजा म्हणायचे. माझ्या आवाजाला ते जमलं नाही. तू बरोबर होतास, आणि हेही तुला सांगायचं राहिलं.

तपासणीहून येताना म्हापशाच्या त्याच हॉटेलात थांबायचो. तू उंडो मोडून भाजीत बुडवायचास आणि मी ठरवायचो की आज सांगायचं. पुंडलिकाकडे गेलो होतो ते सांगायचं. डॉक्टरबाईंपुढे गप्प बसलो ते सांगायचं. मग तू म्हणायचास, "स्वच्छ म्हळां मरे बायेन," आणि दुसरी बशी मागवायचास. स्वच्छ रिपोर्ट खिशात असताना कबुली कुणाला सुचते? मी बिल द्यायला उठायचो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पुंडलिक आला. पेरणीपूर्वीचं गाऱ्हाणं रविवारी आहे, सुतक फिटलं, तू घालतलंय मरे, असं विचारायला. वहिनी आत होती. मी त्याला सोप्यावर बसवलं आणि म्हटलं, "पुंडलिका, त्या कौलाचं पाप माझ्या माथ्यावर आहे. तुझ्या नाही. तू माझं ऐकलंस एवढंच."

"हांवें तुजें खंय आयकलें?"

"म्हणजे?"

"तू आयिल्लंय सांजवेळा. तुज्या आदीं अर्दो तास भाई येवन गेल्लो. तो म्हणालो, पुंडलिका, उजवी मात्शी सैल चिकटय. एक भाव उजवी सांगता, एक भाव डावी सांगता. हांव कितें करतलों? दोनूय एकाच उदकान चिकटयल्यो आनी मान सकयल घालून बसलों."

चहा प्याला आणि गेला. जाताना म्हणाला, रविवारी आठ वाजतां.

आधी मला तुझा राग आला. तू! अख्ख्या गावात देवीला सगळ्यात जास्त मानणारा तू, आणि तिच्या पाठीमागून गुरवाला गाठतोस? मग राग ओसरला आणि दुसरं दिसायला लागलं, ते जास्त वाईट होतं. आवाज तुला एवढा हवा होता. एवढा, की तू देवीलासुद्धा फसवायला निघालास. आणि डावी पडली तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस. तुला वाटलं असणार, देवीने तुझी चोरी पकडली. मला वाटत होतं, माझी चोरी साधली. सात वर्षं आपण दोघे एकाच गाडीतून तपासणीला जात होतो, एकाच मेजावर भाजी-पाव खात होतो, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. काय म्हणावं आपल्याला!

पाकळ्यांचं ओझं आता उतरलं. पेपरवेटचं उतरलेलं नाही. त्या खोलीत एक वाक्य बोलायचं होतं. बाई, माझा भाऊ गावाचं गाऱ्हाणं घालतो. एवढंच. मग बाईंनी कदाचित शेक सांगितला असता. तू गेला असतास, बरा झाला असतास, आणि तळीपलीकडच्या बायका आजही थांबल्या असत्या. किंवा ते परत उगवलं असतं आणि काहीच उरलं नसतं. कुठला डॉक्टर आता याचं उत्तर देणार? मी तुझी माफी मागतो. सात काजूचे हंगाम तू आणखी बघितलेस, त्याचा आनंदही मला आहे. दोन्ही एकत्रच आहे, वेगळं करता येत नाही.

आज रविवार होता. आठला देवळात गेलो. समितीने माईक आणून ठेवला होता, माझा आवाज मागे पोचत नाही म्हणून. मी तो हाताने बाजूला सारला. कुणी हसलं नाही. आधी मी तिची खबर विचारली, तू सांगायचास तशी. हे माये, कशी आहेस, तुझं सगळं बरं आहे ना. मग आपली सांगितली. तुझा थोरला लेक या वर्षी उभा नाही, चुकलंमाकलं पदरात घे. सगळं देऊळ होय म्हाराजा म्हणालं.

मी थांबलो.

वर विमान नव्हतं. लोक वाट बघत होते. पुंडलिकाने गाभाऱ्यातून माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "फुडें घाल रे." पण ते अजून यायचं होतं, सगळ्यांच्या मागून येणारं, आणि ते आल्याशिवाय पुढचं वाक्य घालायची मला सवय नाही.

मग ते मीच म्हटलं. हळू, तुझ्याइतक्याच आवाजात. होय म्हाराजा.